पहिलीतल्या मुलीला अमेरिकेचा इतिहास: क्रम राहू द्या, माणसं घ्या

कोलंबस, मग इंग्रज वसाहतवाल्यांचं मेफ्लॉवर जहाज, मग १७७६चं स्वातंत्र्य अशी ओळीने चित्रपुस्तकं वाचून दाखवावीत का, असं तुम्ही विचारलंय. मुलगी ६ वर्षांची असेल तर क्रमाच्या मागे लागूच नका. या वयात काल आणि परवामध्ये गोंधळ होतो, तिथे शतकांचं काय घेऊन बसलात!

रूबी ब्रिजेस या कृष्णवर्णीय मुलीपासून सुरू करा. १९६० मध्ये न्यू ऑर्लीन्समधल्या फक्त गोऱ्यांच्या शाळेत ती गेली तेव्हा तुमच्या लेकीएवढीच होती. सोबत संरक्षणाला सरकारी मार्शल (केंद्र सरकारचे पोलीस अधिकारी), दाराशी शिव्या देणारा जमाव, आणि वर्गात ती व बाई, दोघीच. कारण बाकीच्या पालकांनी आपली मुलं तिच्यासोबत बसूच दिली नाहीत. "मोठी माणसं तिच्यावर का ओरडत होती?" हा प्रश्न येणारच. लगेच भाषण नको, आधी तिला काय वाटतं ते ऐका. रूबीचा जन्म १९५४चा, म्हणजे ती आजीच्या पिढीतली, हे मात्र जरूर सांगा.

मग हेन्री ब्राऊन. १८४९ मध्ये हा गुलाम स्वतःला लाकडी खोक्यात बंद करून रिचमंडहून फिलाडेल्फियाला पार्सल म्हणून गेला! 'हेन्रीज फ्रीडम बॉक्स' या चित्रपुस्तकातली कादिर नेल्सनची चित्रं अप्रतिम आहेत, पण त्यात हेन्रीची बायकामुलं विकली जातात. ते पान आधी एकट्याने वाचा, मग कधी दाखवायचं ते ठरवा. (जोतीरावांनी १८७३ची 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांनाच अर्पण केली होती. मराठी घरात हा धागा सोडू नये.)

मजकुराइतकंच चित्रांकडेही नीट बघा. २०१६ मध्ये पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वाढदिवसाच्या केकवरचं एक पुस्तक प्रकाशकाने बाजारातून मागे घेतलं, कारण त्यात वॉशिंग्टनचा गुलाम आचारी हर्क्युलिस आणि त्याची मुलगी हसतमुखाने राबताना दाखवली होती. खरा हर्क्युलिस १७९७ मध्ये नेमका वॉशिंग्टनच्या वाढदिवशीच पळाला. तेव्हा पान उलटताना "कोण हसतंय? का बरं?" एवढं विचारत चला. छोट्या वॉशिंग्टनने चेरीचं झाड तोडल्याचं खरं खरं कबूल केलं, ही गोष्ट तर त्याचा चरित्रकार वीम्सने रचलेली. सांगायची तर गोष्ट म्हणून सांगा.

लायब्ररीत यातली बरीच पुस्तकं मुलांच्या चरित्रांच्या कपाटात असतात, चित्रपुस्तकांत शोधत बसू नका. घरी आणण्याआधी शेवटची लेखकाची टीप वाचा. काय खरं, काय कल्पनेतलं, ते चांगला लेखक तिथे सांगतो. टीपच नसेल तर मी सहसा दुसरं पुस्तक बघते.