जुन्या पिकअपवर कॅम्पर ठेवण्यापूर्वी गाडीत कोणती कामे करून घ्यावीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : टेक्सासमध्ये आपण 2000 सालची फोर्ड एफ-250 सुपर ड्यूटी घेतली आहे. गाडी चार दारांची, फोर बाय फोर, आठ फुटी बेडची (मागच्या हौद्याची) आणि 7.3 लिटर डिझेल इंजिनाची आहे. तिच्यावर माहितीपत्रकानुसार 2,400 पौंड वजनाचा जुना कॅम्पर, म्हणजे बेडवर बसणारी राहण्याची खोली, ठेवून कोलोराडो आणि युटाहमधील राष्ट्रीय उद्याने सहकुटुंब पाहण्याचा आपला बेत आहे. मागच्या कमानपाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, म्हणजे एअरबॅग, बसवल्या की भागेल का, आधी कोणती दुरुस्ती करावी, आणि हीच गाडी ठेवावी की विकून एफ-350 घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी कोलोराडोत राहतो, याच पिढीची आणि याच इंजिनाची गाडी हलक्या कॅम्परसह वापरतो, आणि तिची बहुतेक कामे घरीच करतो. म्हणून सविस्तर लिहितो.

केवळ एअरबॅगने भागणार नाही. भाराने खाली बसलेला मागचा भाग एअरबॅगमुळे वर येतो, हेडलाइटचा झोत पुन्हा रस्त्यावर पडतो आणि गाडी समतल दिसते. परंतु टायर, रिम, बेअरिंग आणि ब्रेक यांच्यावरचा भार त्याने एका पौंडानेही कमी होत नाही. गाडी समतल दिसू लागली की मालकाची काळजी मिटते, आणि मला नेमके तेच धोक्याचे वाटते. त्यामुळे पहिला खर्च सुट्या भागांवर न करता वजनकाट्यावर करावा.

ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर एकूण वजनाची मर्यादा 8,800 पौंड आणि मागच्या ॲक्सलची मर्यादा 6,084 पौंड असल्याचे आपण लिहिले आहे. नव्या गाड्यांवर उरलेली वहनक्षमता सांगणारे वेगळे स्टिकर असते. आपल्या गाडीच्या काळात ते नव्हते, तेव्हा हिशेब आपल्यालाच करावा लागेल. महामार्गावरील ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचे काटे असतात. डिझेलची टाकी भरून, घरातील सर्वांना गाडीत बसवून, पण कॅम्पर न ठेवता तिथे वजन करावे. पावतीवर पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे छापून येते. आपल्यासारख्या गाडीचे वजन केवळ चालक आणि भरलेली टाकी धरूनच 7,000 पौंडांच्या आसपास भरते, म्हणजे इतर सर्व गोष्टींसाठी जेमतेम 1,800 पौंड उरतात. आता कॅम्परकडे पाहा. माहितीपत्रकातील 2,400 पौंड हे कोरडे वजन आहे. पाणी गॅलनला 8.34 पौंड भरते, म्हणून 30 गॅलनची टाकी भरली की 250 पौंड तिथेच वाढले. त्यात गॅसच्या टाक्या, बॅटरी, अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, शिधा आणि मुलांचे सामान मिळवले की आकडा 3,000 च्या पुढे जातो. हा कॅम्पर या गाडीच्या कागदोपत्री मर्यादेत बसत नाही, हे पैसे गुंतवण्यापूर्वीच मान्य केलेले बरे.

6,084 हा आकडा कुठून आला, हे समजून घेतले तर पुढचे निर्णय सोपे होतात. या गाडीला मूळ 235/85 आर 16 मापाचे, लोड रेंज ई चे (जड भाराच्या श्रेणीचे) टायर येत असत. अशा एका टायरची क्षमता 80 पी.एस.आय. (पौंड प्रति चौरस इंच) हवेच्या दाबाला 3,042 पौंड असते, आणि त्याची दुप्पट म्हणजे बरोबर 6,084. अर्थात मागच्या ॲक्सलची छापील मर्यादा ही प्रत्यक्षात टायरची मर्यादा आहे. आतला ॲक्सल त्याहून दणकट आहे. 265/75 आर 16 मापाचा लोड रेंज ई टायर 3,415 पौंड पेलतो. कॅम्परसाठी मी निदान हेच माप सुचवेन. रिमची क्षमताही तेवढीच हवी. ती बहुधा रिमच्या आतल्या बाजूला कोरलेली असते. टायर नवा दिसतो म्हणून विश्वास ठेवू नये. बाजूवरच्या डी.ओ.टी. (अमेरिकी परिवहन विभागाच्या) क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत : 2316 म्हणजे 2016 सालचा 23 वा आठवडा. सेकंडहँड पिकअपवर पुष्कळदा नक्षी शाबूत असलेले, पण वयाने संपलेले टायर असतात. रिकाम्या गाडीखाली ते वर्षानुवर्षे तग धरतात आणि युटाहच्या उन्हाळ्यात कॅम्परखाली फुटतात. सहा-सात वर्षांपुढचा टायर मी कॅम्परखाली वापरत नाही.

टायरनंतर ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. उतारावर ब्रेक तापले की त्या ऑइलची वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते. जुने ऑइल पूर्ण काढून नवे भरावे. चारही कॅलिपरच्या सरक-पिना हाताने सरकतात का हे पाहावे आणि रबरी होज सरसकट बदलावेत. होज बाहेरून ठीक दिसतात, पण आतून फुगलेले असतात; मग पाय काढल्यावरही एक चाक किंचित ब्रेक धरून राहते आणि तापत जाते. दहा-पंधरा मैल चालवून झाल्यावर प्रत्येक चाकाच्या हबचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजले, तर असे चाक लगेच सापडते.

उतारावर सारी भिस्त ब्रेकवर ठेवू नये. कोलोराडोतील आय-70 महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि तिथून सिल्व्हरथॉर्नकडचा उतार सात टक्क्यांचा आहे. आपल्या गाडीच्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला नंतरच्या गाड्यांसारखी टो-हॉलची (जड भार असताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारी) सोय नाही. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, बंद करण्याचे बटण मात्र आहे. उतार लागण्यापूर्वीच ते दाबावे आणि गरज पडल्यास वेग कमी करून दुसऱ्या गिअरवर यावे. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांचा नियम इथेही तंतोतंत लागू पडतो.

चढावर कसोटी लागते ती गिअरबॉक्सची. त्याच्या ऑइलचे तापमान दाखवणारा खरा आकड्यांचा मीटर बसवावा आणि ते 200 अंश फॅरनहाइटच्या आसपास राहील असे पाहावे. नंतर आलेल्या 6.0 लिटर इंजिनाच्या गाड्यांतील मोठा ऑइल कूलर या गाडीत थोड्या फेरफाराने बसतो. माझ्या मते या गाडीवरच्या खर्चांपैकी सर्वांत सार्थकी लागणारा खर्च हाच. इंजिनाची ताकद वाढवणारी चिप मात्र बसवू नये. कॅम्परला वेग नको असतो, आणि त्या वाढीव ताकदीचा भार याच गिअरबॉक्सवर येतो.

इंजिन दणकट आहे, तरी त्याच्या दोन गोष्टी जपाव्या लागतात. सिलिंडरच्या भिंतींच्या कंपनामुळे कूलंटमध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. म्हणून साध्या हिरव्या कूलंटमध्ये एस.सी.ए. हे संरक्षक रसायन योग्य प्रमाणात असावे लागते. ते तपासण्याच्या पट्ट्या ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतात. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिनाच्या पुढच्या बाजूला असलेला कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर. तो गेला की इंजिन चालता चालता बंद पडते. एका 10 मिलिमीटरच्या बोल्टवर तो निघतो, म्हणून एक जादा सेन्सर आणि त्या मापाचा पाना ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावा. रेडिएटरचे होज, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा क्लच यांचे वय माहीत नसेल, तर ते एकदमच बदलून टाकावेत.

आता कमानपाट्यांकडे येऊ. आधी गाडीखाली जाऊन पाटे जिथे चासीला टांगलेले असतात ते हँगर आणि शॅकल पाहावेत. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांतून आलेल्या गाड्यांत ते गंजून पापुद्रे सुटलेले असतात. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाज न येता भद्द आवाज आला आणि गंजाचे तुकडे पडले, तर बाकी सारे थांबवून आधी ते बदलावेत. त्यानंतर एक जादा पाटा, जाड रिअर स्वे बार (गाडीचे कलणे रोखणारा मागचा दांडा) आणि चांगले शॉक ॲब्सॉर्बर बसवावेत. एअरबॅगचे स्थान सर्वांत शेवटी, तेही उंचीच्या बारीक समायोजनापुरते. दोन्ही बॅगांना हवेच्या स्वतंत्र नळ्या ठेवाव्यात. एकाच नळीने जोडल्या, तर वळणावर भार पडलेल्या बॅगेतील हवा दुसरीकडे जाते आणि गाडी आणखी कलते.

कॅम्परच्या बाजूवर गुरुत्वमध्याची खूण असते; ती मागच्या ॲक्सलच्या पुढे यायला हवी. आपल्या आठ फुटी बेडमुळे हे सहज साधेल. बेडमध्ये जाड रबरी मॅट घालावी आणि टर्नबकल (कॅम्पर ताणून बांधणारे आकडे) चासीला जोडलेल्या टाय-डाउनमध्येच, म्हणजे बांधणीच्या कड्यांतच, अडकवावेत, कारण बेडचा पत्रा ही ओढ सहन करत नाही. पहिल्या 50 मैलांवर थांबून ते पुन्हा ताणावेत. कॅम्परची बॅटरी चार्ज करण्यासाठी जाड वायर आणि डी.सी.-डी.सी. चार्जर बसवावा.

राहिला एफ-350 चा प्रश्न. त्या काळची मागे एकेरी चाकांची एफ-350 घेण्यासाठी ही गाडी विकू नये. ॲक्सल, ब्रेक आणि चासी जवळपास तीच आहे. मुख्य फरक कमानपाट्यांखालचा उंच ठोकळा, टायर आणि 9,900 पौंडांचे स्टिकर एवढाच आहे. तरी कागदावरची मर्यादा विमा आणि कायदा या दोन्ही दृष्टींनी आपल्या स्टिकरचीच राहते. म्हणून माझा सल्ला असा की हीच गाडी ठेवावी, वरील कामे करावीत आणि कॅम्पर बदलावा : छत वर उचलणारा हलका पॉप-अप कॅम्पर 1,000 ते 1,500 पौंडांत मिळतो. त्यातही सामान भरल्यावर पुन्हा काट्यावर जावे, कारण आपल्याकडे उरलेल्या 1,800 पौंडांतूनच घरच्या माणसांचे वजनही वजा व्हायचे आहे. आहे तोच कॅम्पर हवा असेल, तर मागे जोडचाके असलेली, 11,200 पौंड मर्यादेची एफ-350 शोधावी. ती घेतानाही दाराचे स्टिकर, हँगरचा गंज आणि टायरची तारीख याच क्रमाने पाहावी.