बेडूक बघून पोट भरतंय काय?

चिकोडी तालुक्यातल्या एका अण्णांचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. पाच एकर ऊस, दोन म्हशी, मुलगी सेकंड पीयूसीला (कर्नाटकातली बारावी), फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स-बायो घेतलेली, दहावीपर्यंत मराठी शाळेत. घरच्यांचं म्हणणं डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दे, नाहीतर नर्सिंग कर. पोरगी म्हणते मला जनावरांच्या वागण्यावर शेतातल्या औषधांचा काय परिणाम होतो ते शिकायचंय. कारण काय, तर गेल्या पावसाळ्यात उसात तणनाशक मारल्यावर पाटातल्या बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लांना तिनं काडी लावली तरी ती पळेनात, नुसती जागच्या जागी गोल फिरायला लागली, आणि ते तिनं वहीत लिहून ठेवलं. अण्णा विचारतात, "बेडूक बघून पोट भरतंय काय? असला कोर्स तरी असतोय काय?"

नमस्कार अण्णा,

पोट भरतंय, पण उशिरा. नोकरीचं नंतर बोलू, आधी त्या वहीबद्दल. पिल्लू मेलं तर कुणालाही दिसतं, पण जिवंत आहे आणि पळत नाही हे दिसायला नजर लागते. जे पिल्लू पळत नाही ते संध्याकाळपर्यंत बगळ्याच्या पोटात जाणार, म्हणजे मेल्यातच जमा, फक्त ते मरण औषधाच्या खात्यावर लिहिलं जात नाही, बगळ्याच्या खात्यावर जातं. तुमच्या लेकीनं नेमकं हेच पकडलंय आणि हा खरोखरचा विषय आहे, त्याला बिहेवियरल इकोटॉक्सिकॉलॉजी म्हणतात, नाव अवघड आहे पण काम तेच, विषानं मेलं किती हे न मोजता वागणं कसं बदललं ते मोजायचं.

त्यातही लहान वयात विष लागलं तर काय होतं हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तुम्हाला गुऱ्हाळाचं माहीत असणार. रस काहिलीत उकळतोय तेव्हा चुना जरा जास्त पडला की अख्खा गूळ काळा पडतो, तोच चुना तयार ढेपेवर लागला तर पुसून टाकता येतो. मेंदूचं तसंच आहे, तो बनत असताना थोडंसं काही मिसळलं तरी पुढं जन्मभर वागण्यात दिसतं, आणि गंमत म्हणजे बाहेरून जनावर एकदम ठणठणीत वाटतं.

इमिडाक्लोप्रिड हे किडीवरचं औषध तर तुमच्या घरात माहीतच असेल. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी २०२० मध्ये दाखवलं की भुंग्यासारख्या मोठ्या मधमाश्या असतात त्यांच्या अळ्या पोळ्यातच हे औषध मिसळलेल्या खाण्यावर वाढल्या तर मोठेपणी त्या कुठल्या वासाला खाणं मिळतं हे नीट शिकत नाहीत, स्कॅन करून बघितलं तर मेंदूतला शिकण्याशी संबंधित भागच लहान राहिलेला. आणि तणनाशकाचं म्हणाल तर ऊस-मक्यात मारतात ते अॅट्राझीन, अमेरिकेतले टायरोन हेज म्हणून शास्त्रज्ञ, त्यांनी २०१० मध्ये छापलं की आफ्रिकेतल्या एका जातीच्या बेडकांना पिल्लू असल्यापासून मोठं होईपर्यंत अगदी कमी अॅट्राझीन असलेल्या पाण्यात ठेवलं तर जन्मानं नर असलेल्यांतले १० टक्के चक्क माद्या झाले, अंडी घालायला लागले, आणि उरलेले बरेचसे साध्या नरांपुढं मादी मिळवण्यात मागं पडले. यावर कंपनीवाल्यांनी आणि इतर काही शास्त्रज्ञांनीसुद्धा जोरदार वाद घातलाय, तेही तिला वाचू दे, एकच बाजू वाचून या विषयात यायचं नाही.

आता "बेडूक बघून काय मिळणार" याला माझं उत्तर जपानचं आहे. मिनामाता गावात एका कारखान्याचं पारा असलेलं सांडपाणी समुद्रात जायचं, तिथली मांजरं मासे खाऊन वेड्यासारखी नाचायला लागली, काही समुद्रात पडून मेली. माणसांचा आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ साली. आणि पुढं काय निघालं तर ज्या आयांना फारसा त्रास नव्हता त्यांच्या पोटातली बाळं मात्र जबर आजारी जन्मली. मांजरं आधी सांगत होती, वही घेऊन बघणारं कुणी नव्हतं.

पण अण्णा, लेकीनं बघितलं ते तणनाशकामुळंच झालं असं मी म्हणत नाही, आणि तिनंही म्हणू नये. उथळ पाणी तापलं की ऑक्सिजन कमी होतो, युरिया वाहून येतो, अशी दहा कारणं निघतील. स्वीडनमध्ये २०१६ ला एक मोठा पेपर आला होता, माशांची बारकी पिल्लं प्लास्टिकचे कण आवडीनं खातात म्हणून, जगभर गाजला, आणि पुढच्याच वर्षी मागं घ्यावा लागला, चौकशीत कामात गैरप्रकार झाल्याचं निघालं. त्यामुळं तिला सांगा, घरी बादलीत औषध घालून पिल्लांवर प्रयोग अजिबात करायचा नाही. येत्या पावसाळ्यात दोन पाट निवडायचे, एक औषध मारलेल्या रानाचा आणि एक न मारलेल्या, रोज एकाच वेळेला जायचं, प्रत्येक ठिकाणी २० पिल्लांना काडी दाखवायची आणि किती पळाली ते लिहायचं, पाणी किती खोल तेही लिहायचं, फवारणीच्या दिवशी पाण्यात हात घालायचा नाही. बस, एवढंच. कॉलेजमध्ये जाऊन हजार रुपयांची पुस्तकं घेण्यापेक्षा हे बरं.

कोर्सचं म्हणाल तर बारावीनंतर या नावाची डिग्री आपल्याकडं नाही, आणि कुणी चकचकीत नावाची डिग्री विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. साधी बीएस्सी करू दे, झूऑलॉजी आणि केमिस्ट्री, बेळगावात राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या कॉलेजमध्ये होतं, आणि स्टॅटिस्टिक्स चुकवायचं नाही, पोरं तिथंच पळ काढतात. जमलं तर आयसर म्हणून केंद्र सरकारच्या विज्ञान संस्था आहेत, त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी, तिथं पाच वर्षांची बीएस-एमएस एकत्र होते, पण अवघड आहे. मंगळूरचं फिशरीज कॉलेज सीईटीतून मिळतं, मला स्वतःला तो पर्याय आवडतो, माशांवरच काम आणि नोकरीची वाटही जरा सरळ.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. बेडकाच्या पिल्लांच्या वागण्यावर भारतातलं नावाजलेलं काम कुठं झालंय ठाऊक आहे? धारवाडला, कर्नाटक युनिव्हर्सिटीच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटमध्ये, सैदापूर सर आणि शानभाग मॅडम यांचं. पिल्लं आपली भावंडं कशी ओळखतात, पाण्यातल्या वासावरून शिकारी कसा कळतो, असलं सगळं. म्हणजे तुमच्या लेकीला जो प्रश्न पडला त्याचा पाया काही तासांच्या एसटीवर रचला गेलाय, आणि आपण इथं पुणे-मुंबई करत बसतो. एमएस्सीला धारवाड बघा, कोल्हापूरची शिवाजी युनिव्हर्सिटीही बघा, पण सीमेच्या अलीकडं की पलीकडं हे बघून ठरवू नका, कोण काय शिकवतंय ते बघून ठरवा.

पैशाचं. एमएस्सीनंतर नेट-जेआरएफ (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) निघाली तर पीएचडी करताना महिन्याला ३७,००० मिळतात, म्हणजे तेविशी-चोविशीपर्यंत घरूनच खर्च, हे आत्ताच समजून घ्या, नंतर तिला ऐकवू नका. पीएचडी नको वाटली तर जीएलपी लॅब असतात, म्हणजे ठरलेल्या नियमांनी तपासणी करणाऱ्या, शेतीच्या औषध कंपन्यांना नवं औषध बाजारात आणायच्या आधी मासे, गांडुळं, मधमाश्यांवर टेस्ट करून द्याव्या लागतात, तिथं एमएस्सीवाल्यांना घेतात. पगार सुरुवातीला फार नसतो, पण अनुभव धरला जातो. प्रदूषण मंडळाची नोकरी हवी असेल तर कन्नड पक्कं पाहिजे, बोलता येतंय एवढ्यावर भागत नाही, फाइल लिहिता आली पाहिजे. मराठी शाळेतली पोरं इथंच मागं राहतात आणि मग दोष भलत्यालाच देतात. इंग्लिशची भीती मात्र घेऊ नका, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बसते.

नीटचा फॉर्म भरू दे, हरकत नाही, पण नाही निघाली म्हणून वर्षभर लाँग टर्मला कोचिंगमध्ये कोंडून ठेवू नका, त्या पैशात बीएस्सीची दोन वर्षं निघतात.

वहीच्या त्या पानांचे फोटो मला पाठवा. तारीख लिहायची राहिली असेल तर औषध दुकानाचं बिल शोधा, त्यावर तारीखही असेल आणि औषधाचं नावही, ते तिच्या वहीत चिकटवून टाका.