सिस्टरच्या दवाखान्याला नगरपरिषदेचा पैसा कसा मागायचा?

मी नगरपालिकेच्या लेखा विभागात सगळी नोकरी काढली, त्यामुळं या पानावर बजेट, घरपट्टी, ठराव असलेच प्रश्न जास्त येतात. या महिन्यात मात्र चार पत्रं एकाच विषयावर आलीत, सिस्टर चालवतात त्या दवाखान्यावर. त्यातल्या पहिल्या पत्राला जास्त जागा देतोय, कारण आता जानेवारी चालू आहे आणि फेब्रुवारीत बहुतेक नगरपरिषदांची बजेटची सभा लागते.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं गाव हद्दवाढीत नगरपरिषदेत आलं. गावात झेडपीचं उपकेंद्र आहे, तिथं नर्सिंग शिकलेल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) सिस्टर आहेत, लई चांगल्या आहेत, बीपी-शुगर, गरोदर बायांची तपासणी, लेकरांचे डोस सगळं त्याच बघतात. पण दोनच खोल्या हायेत. वजनकाटा व्हरांड्यात, पोट तपासायचं तर मधी चादर बांधतात, आणि संडासात पाणी नाही म्हणून लघवीचा नमुना द्यायला बाई शेजारच्या घरी जाते, मी स्वतः आठव्या महिन्यात डबी पदराखाली धरून गेलेली आहे. आता आजूबाजूच्या प्लॉटिंगमुळं वस्ती तिप्पट झाली, लोक सकाळी आठपासून लिंबाखाली बसायलेत. झेडपी म्हणते आता तुम्ही नगरपरिषदेत गेलात, नगरपरिषद म्हणते इमारत झेडपीची. आम्ही महिला मंडळाच्या बायकांनी सह्या घेतल्यात, अजून दोन खोल्या बांधून द्या म्हणून. अर्ज कुणाला द्यायचा? (बीड जिल्हा)

उत्तर : ताई, डबी पदराखाली धरून गेलेलं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि थोड्या वेळानं परत उचललं. तुमचा अर्ज द्यायच्या आधी एक विनंती आहे, त्या अर्जातलं मागणं बदला. खोल्या मागा, पण खोल्यांच्या आधी माणूस, औषध आणि लाईटबिल मागा.

असं का म्हणतो ते सांगतो. मी नोकरीत असताना एका गावात वॉर्डातल्या दवाखान्यासाठी दोन खोल्यांचं बांधकाम झालं, टाईल्स बसल्या, नारळ फुटला, फोटो निघाले. बिल माझ्या टेबलावरून गेलं, सही माझी आहे. पण नर्सचं पद कुठंच मंजूर नव्हतं, औषधाला एक रुपयाची तरतूद नव्हती. दोन वर्षांनी मी वसुलीच्या कामाला तिकडं गेलो तर आत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या लावलेल्या आणि दाराच्या कडीला गंज. त्या वस्तीतल्या बाया त्याच दारासमोरून रिक्षा करून तालुक्याला जायच्या. ते बिल पुढं पाठवताना मी एक टिपणी लिहायला पाहिजे होती, लिहिली नाही, ते मला आजपण सलतं.

नगरपरिषदेचं बजेट दोन भागात असतं, महसुली आणि भांडवली. बांधकाम, मशीन हे भांडवलीत, एकदा केलं की झालं. पगार, गोळ्या, लाईट, सफाई हे महसुलीत, दरवर्षी लागतं. भांडवलीला पैसा वरून मिळतो, कधी वित्त आयोगाचा, कधी डीपीडीसीचा (जिल्हा नियोजन समितीचा), म्हणून सगळे तिकडं धावतात. आता १५ व्या वित्त आयोगाचं बघा, २०२१-२२ ते २०२५-२६ अशा पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्याला ७०,०५१ कोटी देशभरासाठी सांगितले होते, शहरी आरोग्यवर्धिनी केंद्रं त्यातलीच. ती मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. आणि त्याच आयोगाचं जे साधं अनुदान नगरपरिषदेला येतं त्यातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो, आणि जो बांधलेला नसतो त्यातूनसुद्धा पगार किंवा आस्थापना खर्च करता येत नाही. म्हणजे सिस्टरच्या जोडीला दुसरी सिस्टर पाहिजे असेल तर तो पैसा एक तर एनएचएमकडून (राष्ट्रीय आरोग्य अभियानाकडून) यावा लागतो नाहीतर नगरपरिषदेच्या स्वतःच्या खिशातून, घरपट्टी आणि गाळेभाड्यातून. त्या खिशात हात घालायला कुणी लवकर तयार होत नाही, म्हणून तुमच्या सह्यांचं वजन तिथं टाकायचं.

पण सगळ्यात आधी इमारतीचा कागद. झेडपी आणि नगरपरिषद तुम्हाला चेंडूसारखं टोलवायलेत त्याचं कारण तोच आहे. जागा कुणाच्या नावावर आहे तो उतारा काढा. मग जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना एक अर्ज आणि मुख्याधिकाऱ्यांना एक अर्ज, दोन्हीत सारखंच लिहा की हस्तांतरण करा, नाहीतर झेडपीनं ना हरकत द्यावी म्हणजे नगरपरिषदेला तिथं खर्च करता येईल. परक्याच्या इमारतीवर खर्च दाखवला तर ऑडिटला पॅरा (लेखी आक्षेप) लागतो, ही भीती खरी असते, क्लार्क उगाच अडवत नाही. तो ना हरकतीचा कागद आला की निम्मं काम झालं समजा. कुणी म्हणालं की आरोग्य आमचं कामच नाही तर शांतपणे सांगा, ७४ व्या घटनादुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली तिच्यात सार्वजनिक आरोग्य शहराच्या कामांत लिहिलेलं आहे.

अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नंतर तुमच्या वॉर्डाच्या नगरसेवकाला धरा, डिसेंबर २०२५ मध्ये निवडून आलेली मंडळी आहेत, इतकी वर्षं प्रशासक होते तेव्हा भांडायलापण कुणी नव्हतं, आता हाय. विषय सभेच्या विषयपत्रिकेवर आला पाहिजे, सूचक-अनुमोदक पाहिजे, आणि ठरावात 'दवाखान्याचा विस्तार' एवढंच मोघम नको, तर दरवर्षीच्या महसुली खर्चाची तरतूद कोणत्या लेखाशीर्षातून (बजेटातल्या खात्यातून) हे लिहून घ्या. नवीन कायम पद नगरपरिषद आपल्या मनानं तयार करू शकत नाही, आकृतिबंधाला (पदांच्या मंजूर यादीला) सरकारची मंजुरी लागते, त्यामुळं लोक 'पद नाही' म्हणून विषय बंद करतात. तेव्हा तुम्ही म्हणा की कंत्राटी किंवा बाह्यस्रोतातून घ्या, सफाईला घेता तसं.

संडासाचं पाणी मात्र यातल्या कशालाच थांबवू नका. नळ कनेक्शन आणि टाकी हे पाणी-स्वच्छतेच्या बांधलेल्या पैशात बसतं, पायऱ्यांशेजारी रॅम्प आणि कठडा दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या ५ टक्क्यांत बसवायला सांगा, आणि तपासणीचं टेबल, पडदा, असल्या वस्तू महिला-बालकल्याणच्या ५ टक्क्यांत बसतात का ते विचारा. हे राखीव पैसे कितीतरी ठिकाणी मार्चपर्यंत तसेच पडून राहतात आणि मग घाईत कशावर तरी उडतात. मागच्या वर्षी किती आले, किती खर्च झाले हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपये लागतात आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

प्रश्न : सर मी स्वतः सीएचओ आहे, बीएस्सी नर्सिंग करून सहा महिन्यांचा कोर्स केला. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणतात. माझी मैत्रीण म्हणते आपण नर्स प्रॅक्टिशनरच (स्वतः तपासून औषध लिहिणारी नर्स) आहोत. नगरपरिषद उद्या पैसा द्यायला तयार झाली तर मी जास्तीची औषधं स्वतः लिहून देऊ शकते का? (धाराशिव)

उत्तर : सिस्टर, पैसा कुणाचाही असो, तुमच्या अधिकाराची रेघ त्यानं सरकत नाही. बीपी-शुगरचं निदान आणि पहिली गोळी डॉक्टरनं ठरवायची, पुढची तुम्ही चालू ठेवायची, तपासायचं, बिघडलं तर पाठवायचं, नाहीतर ई-संजीवनीवर (सरकारच्या ऑनलाइन तपासणीवर) डॉक्टरला दाखवायचं. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ मध्ये सामुदायिक आरोग्य प्रदात्याला मर्यादित परवान्याची तरतूद आहे, आणि नर्स प्रॅक्टिशनर म्हणून आपल्याकडं क्रिटिकल केअर आणि मिडवायफरीचे कोर्स निघालेत, पण तुमच्या हातात आज जे आहे ते सीएचओचं पत्र, त्यात लिहिलंय तेवढंच करा, नाहीतर अडचणीत तुम्ही याल, ठराव करणारे नाही.

यात तुमचं काम हलकं होत नाही. उपकेंद्राच्या यादीत १०५ औषधं आणि १४ तपासण्या धरलेल्या आहेत, आधी तेवढं तरी तुमच्या कपाटात बारा महिने असतं का ते बघा आणि नसेल तर तुटवड्याचं रजिस्टर ठेवा, तारीख, औषध, किती लोक परत गेले. सभेत नगरसेवकाच्या हातात तो कागद असला की बोलणं वेगळं होतं. उपकेंद्राला वर्षाला जो ५०,००० चा अबंधित (गरजेप्रमाणे खर्चायचा) निधी असतो तो जन आरोग्य समितीत ठरवून खर्च होतो, त्या समितीची बैठक खरोखर घ्या, सह्या घरोघर फिरवून नको. आणि शिकवलेल्या बाईच्या हातात गावाचं आरोग्य देता येतं याला आपल्या भागात साक्षीदार आहेत, जामखेडला आरोळे पती-पत्नीनं १९७० पासून निरक्षर बायकांना शिकवून ते केलं, आणि आपल्या तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं भारतवैद्य म्हणून शिकवलेल्या बायकांनी केलं. तुम्ही तर चार वर्षं शिकून आलात.

प्रश्न : माझा भाचा कॅनडात आहे, तो म्हणतो तिकडं नर्सच पूर्ण दवाखाना चालवते, नगरपालिका पैसा देते. मग आपल्याकडं का नको? (लातूर)

उत्तर : दादा, भाच्याचं अर्धं बरोबर आहे. ओंटारिओ राज्यात सडबरी शहरात २००७ ला नर्स प्रॅक्टिशनरनी चालवलेला पहिला दवाखाना सुरू झाला, तिथं त्या तपासतात, निदान करतात, औषध लिहितात. पण चालवायचा पैसा मुख्यतः राज्य सरकारच्या आरोग्य खात्याचा असतो, गावाची पालिका कुठं जागा देते, कुठं इमारतीला हातभार लावते. म्हणजे तिकडंसुद्धा रोजचा खर्च कोण उचलणार हे आधी ठरलं, पाटी नंतर लागली. आपण तेवढं उचलावं.

प्रश्न : आई-बाप ऊसतोडीला जातात. आईला बीपी आहे. सिस्टर महिन्याच्याच गोळ्या देतात, मग फडात गेल्यावर गोळ्या बंद, मार्चमध्ये परत येते तेव्हा डोकं धरून येते. दवाखाना मोठा झाला तर यात काही फरक पडेल का? (बीड)

उत्तर : बाळा, खोल्या वाढून फरक पडणार नाही, औषधाचा साठा वाढून पडेल. सिस्टर महिन्याच्या देतात कारण त्यांना वरून मोजूनच येतात, त्यांचा दोष नाही. दसऱ्याच्या आधी मुकादमाची टोळी ठरते तेव्हाच वस्तीतून किती कोयते (नवरा-बायकोच्या जोड्या) जाणार आणि त्यात बीपी-शुगरचे किती हे आशाताईला सहज कळतं. ती यादी ऑगस्टमध्येच पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांकडं गेली आणि तेवढ्या महिन्यांची मागणी जिल्ह्याला नोंदवली तर डॉक्टर ठरवतील कुणाला किती महिन्यांच्या एकदम द्यायच्या. कमी पडल्या तर त्या घ्यायला नगरपरिषदेच्या बजेटात 'औषध खरेदी' म्हणून एक ओळ पाहिजे, वरच्या ताईंना मी तीच मागायला सांगितलीय, तुम्हीपण तुमच्या वॉर्डात मागा.

तोपर्यंत आईचं कार्ड, गोळीचं नाव आणि किती पॉवरची ते मोबाईलवर फोटो काढून आईच्या आणि मुकादमाच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात ते दाखवलं की गोळ्या मिळायला सोपं जातं. या हंगामाला उशीर झाला असं समजू नका, आजच फोन करून विचारा की गोळ्या किती उरल्यात.