गोव्याच्या राज्यपक्ष्याचं नाव पुस्तकात पिक्नोनोटस आणि ॲपमध्ये रुबिगुला, खरं कुठलं?

तुम्ही लिहिलंय की मोलेमच्या जंगलात काढलेला फोटो ॲपने ‘रुबिगुला गुलॅरिस’ म्हणून ओळखला आणि घरी येऊन जुनं पुस्तक उघडलं तर तसल्याच चित्राखाली ‘पिक्नोनोटस मेलॅनिक्टेरस’ छापलेलं. ॲप चुकलं की पुस्तक, असा तुमचा प्रश्न आहे. कुणीच चुकलेलं नाही. पक्षी एकच, बुलबुलांतलाच: काळं डोकं, पिवळं अंग, फिकट डोळा आणि गळ्यावर माणकासारखा लाल-नारिंगी डाग. मराठीत मी त्याला माणिककंठी म्हणते, इथेही तेच म्हणेन.

मी प्राणिशास्त्र शिकलेली नाही. बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन हिंडते. पण माझी पक्ष्यांची वही प्रजातींनुसार लावलेली असल्यामुळे या नावबदलाचा फटका मला चांगलाच बसला आणि म्हणून मी त्याच्या खोलात शिरले.

आधी एक शब्द साफ करून घेऊ. वर्तमानपत्रं ‘स्पीशीज’ला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. विश्वकोशात मात्र स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती. इथे मी विश्वकोशाचं ऐकते. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. तुम्हाला दिसणारा बदल एक वाटतो, पण ते दोन बदल आहेत. दोन्ही शब्द वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी बदलले. पुस्तक आणि ॲप यांच्या मधल्या काळात छापलेली ‘पिक्नोनोटस गुलॅरिस’ अशी तिसरी जोडीही तुम्हाला सापडेल. ती बघून घाबरू नका. तेव्हा फक्त दुसरा शब्द बदलला होता.

दुसऱ्या शब्दाची गोष्ट सोपी आहे. पश्चिम घाटातला आपला माणिककंठी, श्रीलंकेतला काळ्या टोपीचा, हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेला काळ्या तुऱ्याचा, सुमात्रा-जावा-बालीमधला लाल गळ्याचा आणि बोर्निओतला, असे पाच पिवळे बुलबुल बराच काळ एकाच जातीच्या उपजाती समजले जात. त्या सगळ्यांत सर्वांत जुनं जातीनाम श्रीलंकेतल्या पक्ष्याचं होतं, १७८९ मधलं ‘मेलॅनिक्टेरस’, म्हणून तेच सगळ्यांना लागू झालं. पुढे या जातीचे भाग पाडले तेव्हा ते नाव श्रीलंकेतच राहिलं आणि आपल्या पक्ष्याला त्याचं स्वतःचं, इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्डने १८३६ साली दिलेलं ‘गुलॅरिस’ परत मिळालं. गंमत बघा, लाल गळा घाटात आणि सुमात्रा-जावाकडे आहे, मधल्या मोठ्या पट्ट्यात मात्र गळा बहुतेक ठिकाणी काळा. नुसतं रंगावरून नातं ठरवणं किती धोक्याचं आहे ते इथेच कळतं.

पहिल्या शब्दाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि मला विचाराल तर जास्त मजेची.

पिक्नोनोटस ही प्रजाती फ्रीडरिख बोई या जर्मन माणसाने १८२६ साली मांडली. अर्थ ‘दाट पाठीचा’, म्हणजे पाठीवर दाट पिसं असलेला. सुरुवातीला त्यात थोडेच पक्षी होते. ब्रिटिश काळातल्या पुस्तकांत आपला लालबुड्या बुलबुल ‘मॉलपास्टेस’ आणि शिपाई बुलबुल ‘ओटोकॉम्प्सा’ अशा वेगळ्या खोल्यांत राहत. नंतर ‘कशाला एवढ्या प्रजाती’ असं म्हणत भिंती पाडल्या गेल्या आणि पिक्नोनोटस हा एक भलामोठा वाडा झाला, आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत चाळीसहून अधिक जातींचा. बुलबुलांच्या अख्ख्या कुलात जाती दीडशेच्या आसपास, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा या एकाच वाड्यात. खरं सांगायचं तर दुसरीकडे कुठे बसत नसलेले बुलबुलही तिथेच नेऊन टाकले होते.

डीएनए वाचता येऊ लागल्यावर वाड्याचं बिंग फुटलं. २०१७ साली लुइझियाना स्टेट विद्यापीठातल्या सुबीर शाक्य आणि फ्रेडरिक शेल्डन यांनी जगभरातल्या बुलबुलांची जनुकीय माहिती, आधीच्या अभ्यासांतली धरून, एकत्र केली आणि कुलाचा वंशवृक्ष मांडला. त्यात दिसलं की जुन्या अर्थाचा पिक्नोनोटस ही एक फांदी नाहीच. आजच्या वर्गीकरणाचा नियम असा: प्रजाती म्हणजे एका पूर्वजाची सगळी पिल्लावळ, त्यातलं कुणी वगळायचं नाही आणि बाहेरचं कुणी घुसवायचं नाही. मग दोनच वाटा उरतात. एक तर मध्ये येणाऱ्या इतर प्रजातींनाही वाड्यात ओढायचं आणि वाडा आणखी वाढवायचा, नाहीतर वाटण्या करायच्या. वाटण्या झाल्या. रुबिगुला, आल्क्युरस, इक्सोडिया वगैरे चुली वेगळ्या झाल्या.

आता वाटणीत ‘पिक्नोनोटस’ हे नाव कुणाकडे जाणार? घराची वाटणी होते तेव्हा देवघर कुणाकडे राहणार हा प्रश्न येतो, तसंच हे. प्रत्येक प्रजातीची एक ठरलेली नमुना-जाती असते. ती ज्या फांदीवर, नावही त्याच फांदीवर. संख्या कुणाची जास्त, मान कुणाचा मोठा, हे चालत नाही. पिक्नोनोटसची नमुना-जाती आहे दक्षिण आफ्रिकेतला केप बुलबुल. आफ्रिकेतले बहुतेक बुलबुल त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या शाखेतले, पण हा केपवाला मात्र आशियाई शाखेतला निघाला. त्यामुळे आपले लालबुड्या आणि शिपाई त्याच्याच फांदीवर, आणि त्यांचं नाव जसंच्या तसं राहिलं. माणिककंठी दुसऱ्या फांदीवर, म्हणून त्याला घर सोडावं लागलं.

इथे थोडं विषयांतर करते, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. लालबुड्याचं नाव आहे ‘पिक्नोनोटस काफेर’. काफेर म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या, त्या काळी काफिरांचा मुलूख म्हटल्या जाणाऱ्या भागातला. १७६६ साली लिनियसने, म्हणजे दोन शब्दी शास्त्रीय नावांची पद्धत रूढ करणाऱ्याने, हे नाव दिलं, कारण पक्षी केप ऑफ गुड होपहून आला अशी त्याला मिळालेली माहिती होती. ती चूक होती. आपल्या अंगणातल्या जास्वंदीवर बसून भांडणारा हा पक्षी दक्षिण आफ्रिकेचा कधीच नव्हता! खरा केपचा बुलबुल, ‘कापेन्सिस’, तोही लिनियसनेच त्याच वर्षी नोंदवला. म्हणजे खरा केपवाला आणि खोटा केपवाला आज एकाच प्रजातीत शेजारी शेजारी बसलेत. आणि चूक माहीत असूनही नाव बदलता येत नाही, कारण आधी दिलेलं नाव टिकतं. नाव हे वर्णन नसतं, खूण असते.

शिपाई बुलबुलाला तर लिनियसने १७५८ साली चक्क खाटीक पक्ष्यांच्या प्रजातीत, लॅनिअसमध्ये, टाकलं होतं. आणि फारसी कवितेतला गुलाबावर जीव टाकणारा बुलबुल आपला नव्हेच, तो नाइटिंगेल. असो.

रुबिगुलाकडे परत येते. हे नाव नवं नाही. कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा कारभार बघणाऱ्या एडवर्ड ब्लाइदने ते १८४५ साली दिलं होतं, लाल आणि गळा या लॅटिन शब्दांवरून. पुढे प्रजाती विलीन झाली आणि नाव माळ्यावर पडलं. वाटणीनंतर नियमानुसार जुनं नावच खाली काढावं लागलं, नवं पाडता येत नव्हतं. आणि ‘गुलॅरिस’चाही अर्थ गळ्याचाच, त्यामुळे आपल्या पक्ष्याचं पूर्ण नाव झालं लालगळ्या गळेवाला. त्याच रुबिगुलातल्या श्रीलंकेच्या भावाचा गळा पिवळा आहे, पण तोही कागदोपत्री लालगळ्याच. शिवाय पिक्नोनोटस पुल्लिंगी आणि रुबिगुला स्त्रीलिंगी, म्हणून मेलॅनिक्टेरसचं ‘मेलॅनिक्टेरा’ झालं. गुलॅरिसचं रूप दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे आपला सुटला.

घाटातल्या करड्या डोक्याच्या बुलबुलाची तर फरफटच झाली. पिक्नोनोटसमधून तो ब्रॅकिपोडियसमध्ये गेला. मग लक्षात आलं की त्याच गटासाठी आयटन या इंग्रज अभ्यासकाचं १८३९ मधलं ‘मायक्रोटार्सस’ ब्लाइदच्या ब्रॅकिपोडियसपेक्षा जुनं आहे, म्हणून परत बदल. तुमच्या याद्यांत तिन्ही नावं भेटतील, पक्षी एकच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, गोव्याचा राज्यपक्षी आता बदलला का. नाही. जुन्या याद्यांत त्याला माणिककंठी म्हणा, काळ्या तुऱ्याचा म्हणा किंवा पिक्नोनोटस म्हणा, बोट त्या मोलेम-बोंडल्यातल्या पक्ष्याकडेच जातं. मात्र ‘काळ्या तुऱ्याचा’ हे नाव तेवढं सोडून द्या. ते आता हिमालयाकडच्या पक्ष्याचं आहे, आणि आपल्याला तुरा नाहीच.

वहीसाठी माझी पद्धत सांगते. डावीकडे मराठी नाव पेनाने, उजवीकडे शास्त्रीय नाव पेन्सिलने आणि त्याखाली ते कुठल्या वर्षीच्या यादीतून घेतलं ते. फोटोच्या फाइलला मात्र जागा आणि तारीख लिहून ठेवा. उद्या कुणी आणखी एक वाटणी केली तरी मोलेमला दिसला म्हणजे कुठला, हे त्यावरून सांगता येतं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी सगळ्या फाइलींना नुसतं ‘पि. मेलॅनिक्टेरस’ असं नाव दिलं होतं, जागा न लिहिता. श्रीलंकेच्या सहलीतले आणि घाटातले फोटो वेगळे करायला त्यांना अख्खा पावसाळा लागला, एकेक गळा मोठा करून बघत.