ऑक्टोबर सरताना मस्कीसाठी टॉपवॉटर

अमेरिकेतल्या मिनेसोटात ऑक्टोबर सरत आला म्हणून मस्की या मोठ्या शिकारी माशासाठी वापरायचं टॉपवॉटर लुअर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर ओढायचं नकली आमिष, लगेच पेटीत टाकू नका, पण दिवसभर त्याच्याच मागेही लागू नका. आधी पाण्याचं तापमान बघा. ५५ फॅरनहाइटच्या वर असेल तर खुशाल पाण्यात टाका. ५० च्या खाली गेलं की मोठं रबरी आमिष किंवा जिवंत सकर मासाच जास्त भरवशाचा. तापमान या दोन्हींच्या मधे असेल आणि दोन-तीन दिवस सलग ऊन मिळालं, की दुपारी उशिरा, वारा पडलेला असताना, उथळ भागात जिथे पाणवनस्पती अजून हिरव्या आहेत तिथे प्रयत्न करा.

ओढायचं मात्र अगदी सावकाश. लुअरच्या शेपटीचा पंखा जेमतेम फिरून गुळुकगुळुक आवाज येईल इतकंच रीळ फिरवा. माशाने झडप घालून पाणी उसळलं की हात आपोआप झटका देतो, तो आवरा. रॉडवर वजन जाणवल्यावरच जोरात ओढा. आणि बोटीजवळ आलेलं लुअर उचलायची घाई नको. रॉडचं टोक पाण्यात घालून मोठा इंग्रजी आठ काढा, कारण थंड पाण्यात मस्की मागून रेंगाळत येते.

पकडलेला मासा सोडेपर्यंत जाळीत, पाण्यातच राहू द्या. हवा गोठणबिंदूखाली असेल तर फोटोसाठीही बाहेर धरू नका, कल्ले आणि डोळे गोठतात.