पिक्सीसाठी इमर्जन्सी फंड मोडायचा का?

तुमचा मेसेज दोनदा वाचला. पहिली इक्सी सायकल (लॅबमधे एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात, ती टेस्ट-ट्यूब बेबीची पद्धत) फेल गेली, दुसरीचे पैसे बाजूला ठेवलेत, आणि आता क्लिनिकने सांगितलंय की या वेळी पिक्सी करून घ्या, म्हणजे चांगला शुक्राणू निवडता येईल, त्याचा खर्च सायकलच्या साधारण पाचव्या भागाएवढा, आणि तो भागवायचा तर इमर्जन्सी फंड मोडावा लागेल किंवा पर्सनल लोन. माझं मत आधीच सांगतो, यासाठी दोन्ही करू नका.

मी डॉक्टर नाही, पण पैसे कशाचे लागतायत ते समजून घेतल्याशिवाय सल्ला देता येत नाही म्हणून वाचलं. साध्या इक्सीत एम्ब्रियॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमधला तज्ज्ञ, मायक्रोस्कोपखाली चाल आणि आकार बघून शुक्राणू उचलतो. पिक्सीत डिशमधे हायल्युरोनन असतं, स्त्रीबीजाभोवती असतं तेच, आणि पक्व शुक्राणू त्याला चिकटतात, त्यातला एक घेतात. कल्पना पटण्यासारखी आहे, मलाही पटली. पण ब्रिटनमधे यावर मोठी ट्रायल झाली, हॅबसिलेक्ट नावाची, 2019 मधे लॅन्सेट या मेडिकल जर्नलमधे आली, 2,700 च्या वर जोडपी होती. पूर्ण दिवस भरून बाळ जन्माला येण्याचं प्रमाण पिक्सीत 27.4% आणि साध्या इक्सीत 25.2%, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो असं त्यांचंच म्हणणं.

आता माझ्या कामाचं गणित. समजा तो 2.2 चा फरक खराच आहे असं धरलं, तरी एक जास्तीचं बाळ होण्यासाठी साधारण 45 जोडप्यांनी पिक्सीचे पैसे भरायचे. तुमच्या रेटने 45 पिक्सी म्हणजे 9 पूर्ण सायकलचा खर्च. आणि साध्या इक्सीत त्याच आकड्यांनी साधारण 4 सायकलमागे एक बाळ. म्हणजे तोच पैसा पुढच्या प्रयत्नासाठी राखून ठेवला तर दुपटीहून जास्त काम करतो, आणि हे पिक्सीच्या बाजूने झुकतं माप देऊन केलेलं गणित आहे बरं का. (वयाप्रमाणे टक्के बदलतात, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या आणि हेच गणित परत मांडा.)

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. त्याच ट्रायलमधे मिसकॅरेज पिक्सीच्या गटात कमी दिसले, 4% च्या आसपास, दुसरीकडे 7%. ट्रायलचा मुख्य प्रश्न तो नव्हता त्यामुळे मी त्यावर लोन काढा म्हणणार नाही, पण तुम्ही लिहिलंय की पहिल्या वेळी प्रेग्नन्सी राहिलीच नाही. तुमच्याकडे दोन-तीन मिसकॅरेज झाले असते तर मी डॉक्टरांशी यावर नीट बसून बोला म्हटलं असतं, आणि पैसे कुठून उभे करायचे ते आपण बघितलं असतं.

इम्सी, म्हणजे खूप मोठं करून शुक्राणू बघतात ते, किंवा मायक्रोफ्लुइडिक चिप, म्हणजे बारीक वाटांतून शुक्राणू गाळून घेतात ती, यांचं कोणी सुचवलं तरी हाच प्रश्न विचारा, बाळ जन्माला येण्याचं प्रमाण किती वाढतं. फर्टिलायझेशन चांगलं झालं, एम्ब्रियो (लॅबमधे तयार झालेला गर्भ) छान दिसतो, ही उत्तरं घेऊन पैसे भरू नका.

आणि सिगारेट चालू आहे असं तुम्हीच लिहिलंय म्हणून बोलतो, शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, सायकल तीन महिन्यांनी असेल तर आज बंद केलेली सिगारेट त्या दिवशीच्या सॅम्पलसाठी मोजली जाईल. व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाजवळच्या शिरा फुगणं, तपासलंय का तेही विचारा.

इमर्जन्सी फंड आहे तिथेच राहू दे. एम्ब्रियो जास्त झाले तर ते फ्रीज करून ठेवायला आणि पुढच्या ट्रान्सफरला, म्हणजे तो एम्ब्रियो गर्भाशयात सोडायला, पैसे लागतील, ती रक्कम क्लिनिककडून आजच लेखी मागून घ्या, लोन घ्यायचंच झालं तर ते त्या ट्रान्सफरसाठी असू दे.