सोसायटीत उभ्या गाडीवर झाड पडलं तर विम्याचे पैसे मिळतात का?

मिळतात, पण पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (दुसऱ्याचं आणि स्वतःचं, दोन्ही नुकसान धरणारी) असेल किंवा वेगळं ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं, कव्हर घेतलेलं असेल तरच. नुसत्या थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्यावर, स्वतःच्या गाडीसाठी एक रुपयाही मिळत नाही. ओन डॅमेजच्या कलमात वादळ, पूर, आग, चोरी, अपघात ही कारणं दिलेली असतात. गाडी चालू होती की उभी, याने फरक पडत नाही. कोणी ठोकून पळून गेलं तरी हेच. फांदी हलवण्याआधी नंबरप्लेट दिसेल असे फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्तीला हात लावू देऊ नका. बिल मात्र पूर्ण मिळत नाही. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनच्या गाडीला २००० रुपये आपण भरायचे, शिवाय झिरो डेप (भागांची घसारा-कपात टाळणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मेच मिळतात. बंपरला नुसता ओरखडा असेल तर माझ्या मते क्लेम करूच नये, कारण ५० टक्क्यांपर्यंत साठलेला नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्यापायी जातो. आणि गाडी पाण्यात बुडाली असेल तर कृपा करून स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं गेलं की इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसताना तो खर्च कंपन्या सहसा नाकारतात.